गूगलच्या सीईओला कोच कशाला? एरिक श्मिट आणि बिल कॅम्पबेल : एक प्रकरण अभ्यास

"त्यांना कोच लावलाय म्हणे." पुण्यामुंबईच्या मोठ्या कंपन्यांत हे वाक्य सहसा आवाज खाली करून बोललं जातं, आणि पुढचं काही सांगावं लागत नाही. साहेबांचं काहीतरी बिनसलंय, हे ऐकणारा समजून जातो. अप्रेझल वाईट गेलं असेल, हाताखालच्या कुणी एचआरकडे तक्रार केली असेल, नाहीतर नारळ देण्याआधी 'आम्ही आमच्याकडून सगळं केलं' असं फाइलीत दिसावं म्हणून ही सोय असेल. आता याच्या बरोबर उलट समजूतही रुळू लागली आहे. कोच असणं म्हणजे वर पोचल्याची खूण, कंपनीच्या गाडी-ड्रायव्हरसारखी.

एक्झिक्युटिव्ह कोचिंगबद्दलच्या, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्याला त्याच्या कामात मदत करायला कोच नेमण्याबद्दलच्या, या आणि आणखी काही समजुती तपासायला मी गूगलच्या सुरुवातीच्या वर्षांतलं एक प्रकरण घेतो आहे. सीईओ एरिक श्मिट आणि त्यांचे कोच बिल कॅम्पबेल यांचं. कोचिंग बंद दाराआड चालतं, त्यामुळे खरी प्रकरणं क्वचितच बाहेर येतात. इथे मात्र कोचिंग घेणाऱ्यानं स्वतःच बरंच सांगितलं आहे. आधी २००९ मध्ये 'फॉर्च्यून' मासिकाला, मग २०१९ मध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर लिहिलेल्या पुस्तकात. शिवाय या प्रकरणाची एक बाजू अमेरिकी न्यायालयाच्या कागदपत्रांत आलेली आहे. कोचिंगवर व्याख्यानं देणारी मंडळी पहिली बाजू रंगवून सांगतात आणि दुसरीकडे फिरकत नाहीत. प्रकरण समजायचं तर दोन्ही लागतात.

'माझं काही चुकलं का?'

२००१ साल. गूगल जेमतेम तीन वर्षांची कंपनी. तिचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन दोघंही अजून तिशीच्या आत. १९९९ मध्ये क्लायनर पर्किन्स आणि सिकोया या दोन गुंतवणूक संस्थांनी मिळून अडीच कोटी डॉलर घातले होते आणि त्यांना कारभार बघायला कुणीतरी अनुभवी माणूस हवा होता. तो मिळाला एरिक श्मिट यांच्या रूपानं. बर्कलीची पीएचडी, सन मायक्रोसिस्टिम्समध्ये मुख्य तंत्रज्ञ, मग नॉव्हेलचे सीईओ. मार्चमध्ये ते गूगलचे अध्यक्ष झाले आणि ऑगस्टमध्ये सीईओ.

क्लायनर पर्किन्सचे जॉन डोर गूगलच्या संचालक मंडळावर होते. त्यांनी श्मिटना सुचवलं की बिल कॅम्पबेल यांना कोच म्हणून घे. श्मिटना ते झोंबलं. 'फॉर्च्यून'शी बोलताना त्यांनी हे मोकळेपणानं कबूल केलं आहे. आपण सीईओ म्हणून काम केलेलं आहे, अनुभव आहे, मग कोच कशाला? आपलं काही चुकलं का? आणि या कामात आपण तयार असू तर दुसरा माणूस येऊन आपल्याला शिकवणार तरी काय? गंमत म्हणजे ही तक्रार त्यांनी सांगितली ती 'आयुष्यात मिळालेला सर्वांत चांगला सल्ला कोणता' या प्रश्नाच्या उत्तरात.

श्मिट यांचा संशय अगदीच खुळा नव्हता. २००९ मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'नं १४० कोचची पाहणी केली होती. कंपन्या कशासाठी बोलावतात, या प्रश्नाला ४८ टक्क्यांनी उत्तर दिलं, होतकरू माणसांना घडवायला किंवा नव्या पदावर रुळायला मदत म्हणून. २६ टक्के म्हणाले, वरिष्ठांना मोकळेपणानं विचार बोलून बघायला कुणीतरी हवं म्हणून. वागणूक सुधारायला म्हणून बोलावणं येतं असं सांगणारे फक्त १२ टक्के होते. पण त्याच लेखात हेही होतं की दहा वर्षांपूर्वी चित्र उलटं होतं आणि बहुतेक कंपन्या वरच्या लोकांचं विखारी वागणं आवरायलाच कोच आणत. म्हणजे १९९०च्या दशकात करिअर घडलेल्या माणसाला कोच म्हटल्यावर 'माझं काही चुकलं का' असंच वाटणार. आपल्याकडची कुजबुज त्याच जुन्या काळात अडकून पडली आहे, इतकंच.

श्मिटना कोचची गरज होती ती कुठल्या दोषामुळे नव्हे, तर खुर्चीच्या ठेवणीमुळे. सीईओ ते, पण कंपनी उभी केलेली दोघं पोरं शेजारच्या खोलीत बसलेली. निर्णय तिघांचा. संचालक मंडळावर गुंतवणूकदार. या मांडणीत श्मिटना मनातली शंका बोलून दाखवायला जागाच नव्हती. हाताखालच्यांपुढे बोलावं तर ते बिथरतात, संस्थापकांपुढे बोलावं तर राजकारण होतं, संचालकांपुढे बोलावं तर ते मनात नोंद करून ठेवतात. माझ्या मते कोच कुणाला लागतो, या प्रश्नाचं उत्तर माणसाच्या गुणदोषांत शोधण्याआधी त्याच्या खुर्चीभोवती कोण कोण बसलंय ते पाहावं.

१२ जिंकले, ४१ हरले

बिल कॅम्पबेल हे मुळात फुटबॉलचे कोच, म्हणजे अमेरिकी फुटबॉलचे. पेन्सिल्व्हेनियातल्या होमस्टेड या पोलादाच्या गावात १९४० मध्ये जन्म. कोलंबिया विद्यापीठाच्या ज्या संघानं १९६१ मध्ये आयव्ही लीगचं विजेतेपद मिळवलं त्याचे ते कप्तान होते. १९७४ ते १९७९ ते त्याच विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक होते आणि त्या सहा हंगामांचा हिशेब असा: १२ विजय, ४१ पराभव, एक बरोबरी. मग जाहिरात क्षेत्र, कोडॅक, १९८३ मध्ये अ‍ॅपल, तिथून अ‍ॅपलचीच क्लॅरिस ही सॉफ्टवेअर कंपनी, मग पेननं चालणारा संगणक काढू पाहणारी आणि आपटलेली 'गो' नावाची कंपनी, आणि १९९४ पासून इंट्यूट या हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचे सीईओ. ते इंजिनिअर नव्हते. गूगलचं सर्च इंजिन आतून कसं चालतं हे त्यांना कुणी विचारलं असतं तर त्यांनी बहुधा एक शिवी हासडून विषय बदलला असता. शिव्यांबद्दल आणि भेटल्या भेटल्या मिठी मारण्याबद्दल ते खरोखरच प्रसिद्ध होते.

'ज्याला आमचं काम येत नाही तो आम्हाला काय शिकवणार' हा आक्षेप भारतात तर हमखास येतो. बँकेला बँकेतलाच कोच हवा, औषध कंपनीला औषधातलाच. रमाकांत आचरेकर सरांच्या नावावर प्रथम श्रेणीचा एकच सामना आहे हे शिवाजी पार्कच्या कुठल्याही जाणकाराला माहीत असतं, आणि त्यावरून सचिनच्या गुरूबद्दल कुणाला शंका आलेली ऐकिवात नाही. पण तोच जाणकार दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन 'आमच्या इंडस्ट्रीचा वीस वर्षांचा अनुभव असलेला कोच हवा' अशी अट घालतो.

श्मिट यांनी नंतर जे सांगितलं त्याचा आशय असा: कोचला तुमच्याइतकं चांगलं खेळता यायची गरज नसते. त्यानं तुम्हाला खेळताना बघायचं असतं आणि जे दिसलं ते स्वतःच्या शब्दांत तुमच्यापुढे ठेवायचं असतं. माणूस स्वतःला दुसऱ्याच्या नजरेनं पाहू शकत नाही, अडचण तिथे आहे.

मात्र या प्रकरणावरून 'अनुभव लागतच नाही' असं म्हणणं लबाडीचं होईल. कॅम्पबेलना कोड येत नव्हतं, पण सीईओची खुर्ची आणि संचालक मंडळाच्या बैठका ते चांगल्या ओळखून होते. कंपनी हातातून जाताना कशी दिसते हे त्यांनी 'गो'मध्ये पाहिलं होतं. धंद्याची माहिती आणि खुर्चीची माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली नसली तर चालून जातं. दुसरी अजिबात नसलेला कोच वरच्या माणसापुढे पहिल्या अर्ध्या तासात उघडा पडतो. आणि ती फार असली तर तो 'आमच्या वेळी' सुरू करतो. ती भीतीही खरी आहे.

कॉरिडॉरमधला प्रश्न

२००१च्या उन्हाळ्यात पेज आणि ब्रिन यांनी इंजिनिअरांवरचे मॅनेजर काढून टाकले होते. हुशार माणसांना वर कुणी कशाला, असा त्यांचा विचार. जवळपास सगळे इंजिनिअर थेट अभियांत्रिकीचे प्रमुख वेन रोझिंग यांच्या हाताखाली. कॅम्पबेल आले तेव्हा त्यांचं मत स्पष्ट होतं की हे चालणार नाही. पेज यांचं मत तितकंच स्पष्ट होतं की मस्त चाललंय. दोघांत बराच वाद झाला आणि कुणीच हलेना.

तेव्हा कॅम्पबेल म्हणाले, चल, इंजिनिअरांनाच विचारू. दोघं उठून बाहेर गेले आणि काम करत बसलेल्या एका इंजिनिअरला कॅम्पबेलनी विचारलं, तुला मॅनेजर हवा का? तो म्हणाला, हो. कशाला? ज्याच्याकडून काही शिकता येईल असा माणूस हवा, आणि आमच्यात एकमत होत नाही तेव्हा तिढा सोडवणारं कुणीतरी हवं. आणखी काही जणांना विचारलं, उत्तरं साधारण तशीच आली. पुढे मॅनेजर परत आले.

हा प्रसंग श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुस्तकात दिला आहे आणि मला तो सगळ्या प्रकरणात मोलाचा वाटतो. 'कोच म्हणजे सल्लागार' ही समजूत इथे अडते, आणि कोचिंगच्या वर्गात शिकवली जाणारी 'कोच कधीच सल्ला देत नाही' ही समजूतही इथेच अडते. सल्लागारानं काय केलं असतं? चार कंपन्यांचे तक्ते दाखवून मॅनेजर किती असावेत याचा अहवाल दिला असता. पोथीनिष्ठ कोचनं काय केलं असतं? 'तुला स्वतःला काय वाटतं, लॅरी?' असं विचारून गप्प बसला असता. पेजना काय वाटतं ते तर माहीतच होतं. कॅम्पबेलनी स्वतःचं मत लपवलं नाही, पण ते रेटलंही नाही. ज्या गोष्टीवर वाद होता तिचं उत्तर ज्यांच्याकडे होतं, त्यांच्यापर्यंत ते पेजना चालवत घेऊन गेले. निर्णय पेज यांचाच राहिला.

आणखी एक बारकी गोष्ट. प्रश्न होता 'तुला मॅनेजर हवा का?' एवढाच. 'सध्याच्या रचनेबद्दल तुझं मत काय' असं विचारलं असतं तर शेजारी मालक उभा असताना कुठला इंजिनिअर खरं बोलला असता? आपल्याकडे ३६० अंशांचा फीडबॅक म्हणून वरिष्ठ, सहकारी आणि हाताखालचे अशा सगळ्यांकडून जे लांबलचक फॉर्म भरून घेतात, ते पाहताना मला नेहमी हा चार शब्दांचा प्रश्न आठवतो.

बैठकीत बसणारा माणूस

कोचिंग म्हणजे महिन्यातून दोनदा बंद केबिनमध्ये, नाहीतर आता झूमवर, तासभर गप्पा. बहुतेक ठिकाणी ते तसंच असतं. कॅम्पबेल मात्र श्मिट यांच्या साप्ताहिक बैठकीत येऊन बसत. बोलत थोडं. कोण कुणाचं वाक्य तोडतंय, कोण गप्प आहे, कुणाचा चेहरा पडलाय हे बघत, आणि नंतर एकेकाला गाठून बोलत. श्मिट यांच्या बैठकीची सुरुवात सुट्टीत कोण कुठे गेलं होतं, काय पाहिलं अशा गप्पांनी व्हावी, ही पद्धतही त्यांचीच. कामाचा वेळ वाया जातो असं कुणालाही वाटेल. पण ज्याच्या मुलीची शाळा कुठली हे माहीत आहे, त्याच्याशी बजेटवरून भांडणं जरा वेगळं होतं.

सांगणाऱ्याच्या हकिकतीवर विसंबण्यापेक्षा काम चालू असताना बघणं किती वेगळं असतं, याचं उत्तम उदाहरण गूगलचं नाही, एका शल्यविशारदाचं आहे. बोस्टनचे अतुल गावंडे, ज्यांचे वडील विदर्भातल्या उटी गावचे. काही वर्षांच्या सरावानंतर आपली प्रगती थांबली आहे असं त्यांना वाटू लागलं, म्हणून त्यांनी आपल्या निवृत्त गुरूंना, डॉ. रॉबर्ट ऑस्टीन यांना, शस्त्रक्रिया बघायला बोलावलं. २०११ मध्ये 'न्यू यॉर्कर'मध्ये त्यांनी हे लिहिलं. थायरॉइडची ती शस्त्रक्रिया गावंडे यांच्या मते छान झाली होती. ऑस्टीन यांच्या वहीत मात्र बऱ्याच नोंदी होत्या. रुग्णावरच्या चादरी गावंडेंच्या सोयीनं घातल्या होत्या, त्यामुळे समोरच्या मदतनिसाचा डावा हात अडकत होता. गावंडेंचं कोपर अधूनमधून खांद्याच्या उंचीपर्यंत जात होतं. आणि वरचा दिवा जखमेवरून सरकला होता, तरी अर्धा तास ते तसंच परावर्तित उजेडात काम करत होते. यातली एकही गोष्ट गावंडे कुठल्याही कोचला केबिनमध्ये बसून सांगू शकले नसते, कारण ती त्यांना माहीतच नव्हती.

वरिष्ठ अधिकाऱ्यांचंही तेच असतं. 'माझी टीम मोकळेपणानं बोलत नाही' असं सांगणाऱ्या साहेबांबरोबर एका बैठकीत बसलं की कळतं, टीमनं तोंड उघडलं की साहेब मोबाइल हातात घेतात. तरीही आपल्याकडे कोचला बैठकीत बसू द्यायला कंपन्या तयार नसतात. गुपितं फुटतील म्हणतात. ती भीती अगदी निराधार नाही. त्याकडे पुढे येतो.

कोच एका माणसाचा असतो ही समजूतही गूगलमध्ये टिकली नाही. कॅम्पबेल श्मिटबरोबर काम करत, पेज आणि ब्रिनबरोबर करत, आणि त्यांच्या हाताखालच्या वरिष्ठांबरोबरही. दोघांचं जमत नसेल तर त्या दोघांनीच एकत्र बसून तोडगा काढून आणावा, असा त्यांचा आग्रह असे. वरच्याकडे निवाड्याला यायचं ते अगदी नाइलाज झाला तरच.

मान आणि काम

२००४. गूगल शेअर बाजारात उतरणार होती. ती १९ ऑगस्टला उतरली, ८५ डॉलरला शेअर. त्याआधी संचालक मंडळानं ठरवलं की सीईओ आणि अध्यक्ष ही दोन पदं एका माणसाकडे नकोत, श्मिट यांनी अध्यक्षपद सोडावं. श्मिटना हे लागलं. सोडूनच जावं असं त्यांच्या मनात आलं. हेही त्यांनी स्वतःच लिहिलं आहे.

कॅम्पबेल यांनी त्यांना समजावलं ते कुरवाळून नव्हे. तुझा मान दुखावला हे मान्य. पण कंपनी या टप्प्यावर असताना तू गेलास तर ते परवडणारं नाही. आत्ता हो म्हण, अध्यक्षपदाचं पुढे बघू. श्मिट राहिले. पुढे अध्यक्षपद त्यांच्याकडे परत आलं. २०११ मध्ये पेज सीईओ झाले तेव्हा 'रोजच्या वडीलधाऱ्या देखरेखीची आता गरज नाही' असं मिश्कील ट्वीट करून श्मिट बाजूला झाले.

'कोच म्हणजे पगारी दिलासा' आणि 'कोच म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ' अशा दोन समजुतींना हा प्रसंग लागू पडतो. दुसरी जास्त धोक्याची आहे. हार्वर्डच्या पाहणीत खासगी अडचणींसाठी बोलावलं जातं असं सांगणारे कोच फक्त तीन टक्के होते, पण खासगी अडचणींत मदत केली आहे असं सांगणारे ७६ टक्के. म्हणजे दार कामाचं, आत शिरल्यावर विषय घरचा. दुखावलेल्या मानाशी कोच बोलू शकतो. नैराश्य, व्यसन, घरातली हिंसा हे त्याचं क्षेत्र नाही. मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन बर्गलास यांनी २००२ मध्येच इशारा दिला होता की मानसशास्त्राचं शिक्षण नसलेले कोच खोल दुखण्याला वागणुकीचा प्रश्न समजतात आणि दुखणं वाढवतात. वेळेवर 'हे माझ्या आवाक्यातलं नाही, डॉक्टरांकडे जा' म्हणणारा कोच मिळणं हे मी भाग्य समजतो.

आता दुसरी बाजू

श्मिट आणि सहकाऱ्यांच्या पुस्तकाच्या नावातच ट्रिलियन डॉलर आहेत. कॅम्पबेल यांनी घडवलेल्या लोकांच्या कंपन्यांचं बाजारमूल्य एवढं, असा त्यातला सूर. हा हिशेब मला पटत नाही. गूगलच्या यशात सर्चच्या जाहिरातींचा शोध आहे, इंटरनेटचा काळ आहे, हजारो इंजिनिअर आहेत. कोचचा वाटा त्यातून वेगळा काढणारं कुठलंही गणित नाही. आणि कॅम्पबेल ज्यांच्याबरोबर बसले पण ज्यांच्या कंपन्या बुडाल्या, त्यांना आठवणी लिहायला कुणी बोलावलं नाही. कोचिंगचा नफा शेअरच्या भावात शोधू नये. 'पूर्वी तीन बैठका लागणारा निर्णय आता एकीत होतो का', असल्या साध्या गोष्टीत तो दिसला तर दिसतो.

पण खरी अडचण वेगळी आहे. कॅम्पबेल गूगलच्या कारभाऱ्यांना कोचिंग करत होते तेव्हाच ते इंट्यूटचे अध्यक्ष होते आणि १९९७ पासून २०१४ पर्यंत अ‍ॅपलच्या संचालक मंडळावर होते. स्टीव्ह जॉब्जचे जवळचे मित्र. सगळे त्यांचेच, आणि ते सगळ्यांचे. त्यांच्या मृत्यूनंतर, म्हणजे एप्रिल २०१६ नंतर, याचं कौतुकच झालं.

२००५ मध्ये गूगल अ‍ॅपलच्या सफारी ब्राउझरची माणसं ओढू पाहतंय म्हणून जॉब्ज भडकले होते. त्यावेळी कॅम्पबेल यांनी जॉब्जना ईमेल पाठवला. आशय असा की एरिकनं स्वतः लक्ष घातलंय आणि अ‍ॅपलच्या लोकांना घेण्याचे सगळे प्रयत्न ठामपणे थांबवले आहेत. हा ईमेल पुढे न्यायालयात आला. कारण सिलिकॉन व्हॅलीतल्या कंपन्यांनी एकमेकांच्या कर्मचाऱ्यांना बोलावणं धाडायचं नाही असं आपसात ठरवलं होतं. २०१० मध्ये अमेरिकी न्याय विभागानं अ‍ॅपल, गूगल, इंटेल, अडोबी, इंट्यूट आणि पिक्सार यांना ते बंद करायला लावलं. मग सुमारे ६४ हजार कर्मचाऱ्यांच्या वतीनं दावा चालला. ३२.४५ कोटी डॉलरची तडजोड न्यायाधीश ल्यूसी को यांनी २०१४ मध्ये अपुरी म्हणून फेटाळली. शेवटी २०१५ मध्ये अ‍ॅपल, गूगल, इंटेल आणि अडोबी यांनी ४१.५ कोटी डॉलर भरले. कॅम्पबेल स्वतः प्रतिवादी नव्हते. पण 'गूगलचे सल्लागार आणि अ‍ॅपलचे संचालक' असा त्यांचा उल्लेख त्या कागदांत आहे.

कॉरिडॉरमध्ये ज्यांना 'तुला मॅनेजर हवा का' असं विचारलं, त्यांच्याच जातकुळीच्या इंजिनिअरांना 'दुसऱ्या कंपनीकडून तुला फोन येणार नाही, चालेल का' हे मात्र कुणी विचारलं नाही.

कॅम्पबेल वाईट होते असं मला म्हणायचं नाही. इतक्या जणांनी इतक्या आपुलकीनं सांगितलेलं सगळंच खोटं नसतं. पण 'खरा कोच म्हणजे सगळ्यांना ओळखणारा, कुठलीही चौकट नसलेला, मालकांच्या घरातला वडीलधारा माणूस' ही नवी समजूत याच प्रकरणानं पसरवली, आणि ती जुन्या कुजबुजीपेक्षा जास्त महागात पडू शकते. आपल्याकडच्या कौटुंबिक उद्योगांत तर असा माणूस आधीपासूनच असतो. मोठ्या मालकांचे जुने स्नेही, ज्यांना सगळे काका म्हणतात. धाकट्या मालकांनी काकांना मन मोकळं करून सांगितलेलं जेवणाच्या टेबलावर थोरल्यांपर्यंत पोचतं. काकांचा हेतू चांगलाच असतो.

कॅम्पबेल यांनी आधी मोबदला घ्यायला नकार दिला, आणि मग घेतलेले शेअर दान केले, असं त्यांच्या माणसांनी सांगितलंय. उदात्त आहे, पण याचा अर्थ असाही होतो की करार नव्हता, मुदत नव्हती, आणि कुणाचं गुपित कुठपर्यंत जाईल हे फक्त एका माणसाच्या विवेकावर होतं. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनची आचारसंहिता नेमकी याच ठिकाणी बोट ठेवते. कोण पैसे देतो, कोच कुणाशी बांधील आहे आणि कुठली माहिती कुणाला मिळेल, हे काम सुरू होण्याआधी सगळ्यांपुढे स्पष्ट व्हावं. त्या संस्थेच्या प्रमाणपत्राच्या तीन पायऱ्यांसाठी कोचिंगचे १००, ५०० आणि २,५०० तास दाखवावे लागतात. कॅम्पबेल यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं. भारतातही कोचची पाटी लावायला कुठला परवाना लागत नाही. प्रमाणपत्रावरून माणूस चांगला ठरत नाही, पण निदान अशा आचारसंहितेवर त्यानं सही केलेली असते.

म्हणून आपल्याकडे कोच नेमताना कंपनी, अधिकारी आणि कोच अशा तिघांनी एकत्र बसून एक पानभर करार करावा. त्यात मुदत असावी. सहा महिने ते वर्ष हे साधारण चालतं. उद्दिष्टं तिघांच्या देखत लिहावीत. एचआरला फक्त किती भेटी झाल्या आणि उद्दिष्टांची प्रगती कुठवर आली एवढंच कळेल, बोलणं कळणार नाही, हे शब्दांत असावं. लिफ्टपाशी गाठून 'काय म्हणतोय आमचा माणूस?' असं विचारणाऱ्या वरिष्ठाला कोचनं तो कागद दाखवावा. बैठकीत बसायचं असेल तर कुठल्या बैठकीत, आणि तिथलं ऐकलेलं कुठे जाणार नाही, तेही लिहावं.

आणि कोचला पहिल्याच भेटीत विचारावं की आमच्या स्पर्धकांपैकी, पुरवठादारांपैकी किंवा आमच्याच संचालकांपैकी कुणाबरोबर तुम्ही काम करता का. उत्तर 'हो' असलं म्हणून लगेच नकार द्यायचं कारण नाही. छोट्या शहरात चांगले कोच थोडे असतात, ते दोन-तीन ठिकाणी असणारच. नावं सांगता येत नसतील तर नसोत, पण संबंध आहे एवढं तरी करारात आलं पाहिजे, आणि हितसंबंध आडवे आले तर दोघांपैकी कुणाचं काम सोडणार हेही त्याच पानावर लिहून घ्यावं.